दुसऱ्या कंठाचे देणे

मूल्य आणि किंमत यांतील फरक अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविला जातो. पाणी आणि हिरा यांचे ॲडम स्मिथने दिलेले उदाहरण पाठ करून तो परीक्षेला बसतो आणि निकाल लागताच ते विसरून जातो. कलेच्या व्यवहारात मात्र हा फरक वारंवार, आणि कधीकधी फार निष्ठुरपणे, आपल्यापुढे येऊन उभा राहतो. बाजाराने जिची किंमत शून्य ठरविली, तीच कृती पुढच्या पिढीची ठेव झाल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. त्यांच्याविषयी आपण मोठ्या समाधानाने बोलतो. परंतु एक प्रश्न सहसा विचारत नाही. बाजाराने पाठ फिरविली आणि पुढची पिढी तर अद्याप यावयाची आहे, अशा मधल्या काळात ती कृती जिवंत कोण ठेवतो?

आज ज्या आल्बमची शिफारस वाचकांना करावयाची आहे, तो या प्रश्नाचे एक सुरेल उत्तर आहे. अमेरिकन गायिका जेनिफर वॉर्न्स यांनी कॅनडाचे कवी-गीतकार लिओनार्ड कोहेन यांची नऊ गाणी ‘फेमस ब्ल्यू रेनकोट’ या नावाने एकत्र गायिली. १९८७च्या प्रारंभी हा आल्बम अमेरिकेतील विक्रीच्या तक्त्यांत दिसू लागला. इंग्रजी गाण्यांचा ज्यांना फारसा परिचय नाही, किंवा इंग्रजी गाणे म्हणजे केवळ गोंगाट असा ज्यांचा समज आहे, अशा वाचकांनी तर तो अवश्य ऐकावा. मात्र त्याचे मोल नीट उमगण्यासाठी त्यामागची हकीकत ठाऊक असणे आवश्यक आहे.

कोहेन यांचा जन्म १९३४ साली माँट्रियल येथील एका सुस्थित ज्यू कुटुंबात झाला. १९५६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला आणि पुढील दहा वर्षांत आणखी तीन संग्रह व दोन कादंबऱ्या त्यांच्या नावावर जमा झाल्या. १९६० साली त्यांनी ग्रीसमधील हायड्रा या बेटावर अवघ्या दीड हजार डॉलरला एक घर घेतले आणि तेथे राहून ते लिहीत राहिले. कीर्ती मिळत होती. परंतु कवितेवर पोट भरणे कॅनडातही आपल्याकडच्याइतकेच अवघड होते. तेव्हा हा कवी गाण्याकडे वळला. येथे एक तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका १९६७च्या डिसेंबरात निघाली. पण त्याआधीच, १९६६ साली, ज्युडी कॉलिन्स या गायिकेने त्यांचे ‘सुझॅन’ हे गीत गाऊन श्रोत्यांपर्यंत पोहोचविले होते. म्हणजे हा कवी गीतकार म्हणून जगापुढे आला तोच मुळी दुसऱ्याच्या कंठातून.

कोहेन यांचा स्वतःचा आवाज हा त्यांच्या चाहत्यांच्या जिव्हाळ्याचा आणि इतरांच्या थट्टेचा विषय राहिला. त्या आवाजाचा पल्ला तोकडा होता, स्वर एकाच पट्टीत रेंगाळत असे आणि पुढे वयाबरोबर तो अधिकाधिक खर्जात उतरत गेला. त्यांचे गाणे म्हणजे सुरात धरलेले कवितावाचन, असे वाटण्याजोगी स्थिती होती. युरोपात त्यांना निष्ठावंत श्रोते लाभले. अमेरिकेत मात्र विक्री बेताचीच राहिली. १९८४ साली त्यांनी ‘व्हेरियस पोझिशन्स’ हा आल्बम पूर्ण केला, तेव्हा त्यांची स्वतःची कंपनी असलेल्या कोलंबियाने तो अमेरिकेत प्रसिद्ध करण्याचेच नाकारले. आपण थोर आहात हे आम्ही जाणतो, आपला माल चांगला आहे की नाही एवढेच कळत नाही, अशा आशयाचे उद्गार कंपनीच्या प्रमुखाने त्या प्रसंगी काढल्याचे कोहेन पुढे सांगत असत. या नाकारलेल्या आल्बममध्येच ‘हालेलुया’ हे गीत होते. पुढे एका लहान कंपनीने तो अमेरिकेत काढला, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्या वेळी कवीचे वय पन्नास होते.

कंपनीच्या प्रमुखाला खलनायक ठरविणे सोपे आहे. परंतु अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून तसे करवत नाही. मागच्या विक्रीवरून पुढची मागणी अजमावणे हे त्याचे कामच होते. चूक असलीच तर ती गृहीतकात होती. श्रोत्याची आवड ही एक ठरीव, मोजता येण्याजोगी वस्तू आहे, असे ते गृहीतक होय. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९०च्या आपल्या ग्रंथात घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त मांडताना संगीताचा आवर्जून अपवाद केला आहे. भाकरीची भूक खाता खाता कमी होते. चांगल्या संगीताची मात्र ऐकता ऐकता वाढते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. आवड जर ऐकण्यातून घडत असेल, तर ऐकावयास मिळण्याआधी तिचा अंदाज बांधणार कसा? आणि कंपनीने ऐकू येण्याची वाटच बंद केली, तर तो अंदाज खोटा ठरणार तरी कसा? हे कोडे सोडविण्यास कोणीतरी हिशेबाबाहेर पाऊल टाकावे लागते.

ते पाऊल जेनिफर वॉर्न्स यांनी टाकले. १९४७ साली सिॲटल येथे जन्मलेल्या या गायिकेने १९७२ आणि १९७९ या दोन्ही वर्षी कोहेन यांच्या दौऱ्यांत साथीला गायिले होते. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतही तिचा आवाज होता. नाकारल्या गेलेल्या ‘व्हेरियस पोझिशन्स’मध्येही तो आहे. साथीच्या गायिकेची जागा ही मोठी विलक्षण जागा असते. तिला मुख्य गायकाचा प्रत्येक श्वास ऐकावा लागतो, तो कोठे अडखळतो आणि कोणत्या शब्दावर रेंगाळतो हे ध्यानात ठेवावे लागते आणि स्वतःला मागे ठेवावे लागते. एका परीने ती त्या कवितेची सर्वांत जवळची वाचकच असते. दरम्यान स्वतंत्र गायिका म्हणून वॉर्न्स यांची भरभराट झाली होती. कापड गिरणीत संघटना उभारणाऱ्या एका कामगार स्त्रीवरील ‘नॉर्मा रे’ या १९७९च्या चित्रपटातील त्यांच्या गीताला ऑस्कर मिळाले होते. जो कॉकर यांच्यासह गायिलेले १९८२चे चित्रपटगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते आणि त्यालाही ऑस्कर लाभले होते. एवढी पुण्याई गाठीशी असलेल्या गायिकेने तशीच आणखी दहा गाणी गावीत, असेच कोणत्याही कंपनीला वाटणार. तिने मात्र ज्याचा माल खपत नाही असे ठरले होते, त्याच कवीची गाणी घेऊन दारोदार जाण्याचे ठरविले. मोठ्या कंपन्यांनी रस दाखविला नाही. अखेर ‘सायप्रेस’ नावाच्या एका नव्या, लहान कंपनीने हा आल्बम काढला. निर्मितीत वॉर्न्स यांच्या जोडीला रॉस्को बेक होते, आणि तेही १९७९च्या दौऱ्यात कोहेन यांच्यासाठी बास गिटार वाजविणारे कलावंत. ज्यांनी ही गाणी रोज रात्री पाठीमागे उभे राहून ऐकली होती, त्यांनीच ती पुढे आणली.

येथे कायद्याची एक बाजू समजून घेण्यासारखी आहे. एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलेले गाणे दुसऱ्या कोणी गावयाचे ठरविले, तर अमेरिकेत रचनाकाराला ते अडविता येत नाही. ठरलेले मानधन मात्र द्यावे लागते. यांत्रिक पियानोवर चढवावयाच्या छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळ्यांची एकाच कंपनीकडे मक्तेदारी होऊ नये, म्हणून १९०९ साली ही तरतूद झाली. तेव्हा दर एका प्रतीमागे एका गाण्याला दोन सेंट होता. १९८६ साली तो पाच सेंटवर आला होता. आपल्याकडेही अशी तरतूद आहे आणि तिचाच आधार घेऊन १९८०च्या दशकात जुन्या गाण्यांच्या ‘व्हर्शन’ कॅसेटचा सुकाळ झाला, हे अनेकांना आठवत असेल. २०१२च्या दुरुस्तीनंतर मात्र मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे थांबणे आपल्या कायद्याने बंधनकारक केले आहे.

पण या परवान्याला एक अपवाद आहे. जे गाणे अद्याप कधीच मुद्रित झालेले नाही, त्याचे पहिले मुद्रण कोणी करावे हे ठरविण्याचा अधिकार सर्वस्वी रचनाकाराचा असतो. आता या आल्बममधील नऊ गाण्यांची फोड करून पाहा. सहा गाणी कोहेन यांनी १९६९ ते १९८४ या काळात स्वतः मुद्रित केलेली होती. ती वॉर्न्स यांना कायद्यानेच उपलब्ध होती. उरलेली तीन येथे प्रथमच ऐकू आली. त्यांतील ‘साँग ऑफ बर्नाडेट’ हे वॉर्न्स, कोहेन आणि बिल एलियट या तिघांनी मिळून रचलेले. तर ‘फर्स्ट वी टेक मॅनहॅटन’ आणि ‘एंट नो क्युअर फॉर लव्ह’ ही दोन कोहेन यांनी स्वतः गाण्याआधी तिच्या हवाली केली. व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले, तर कवीने आपल्या हाती असलेली नवी शिल्लक आपल्या साथीच्या गायिकेला देऊन टाकली. सहा गाणी पाच सेंटांच्या दराने मिळविता येत होती. या गाण्यांना विश्वासाखेरीज दुसरा दर नव्हता. आल्बमसोबत कोहेन यांनी काढलेले एक रेखाचित्र छापलेले आहे. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी मशाल त्यात आहे आणि खाली ‘जेनी लेनीची गाणी गाते’ अशा अर्थाच्या तीन यमकी शब्दांची ओळ आहे. त्या खेळकर चित्रात या संपूर्ण व्यवहाराचे मर्म आले आहे.

आता प्रत्यक्ष गाण्यांविषयी. आरंभीचे ‘फर्स्ट वी टेक मॅनहॅटन’ हे धमकीच्या सुरातले गीत आहे. कोणी एक निर्वासित, सूडाने पेटलेला माणूस मॅनहॅटन आणि बर्लिन ही दोन नगरे जिंकण्याची भाषा करतो. त्या वेळी बर्लिन भिंतीने दुभंगलेले होते. स्टीव्ही रे व्हॉन यांची गिटार येथे अशी काही कडाडते की, वॉर्न्स यांच्या स्वच्छ, शांत आवाजातील धमकी त्यामुळे अधिकच अस्वस्थ करते. ‘एंट नो क्युअर फॉर लव्ह’ हे गीत कोहेन आणि वॉर्न्स यांच्यात एड्सच्या साथीविषयी बोलणे चालू असताना सुचले, असे सांगितले जाते. ही पार्श्वभूमी ठाऊक झाली की, वरवर प्रणयगीत वाटणाऱ्या त्या रचनेतील औषधोपचाराच्या भाषेचा अर्थ पालटतो. हायड्रा बेटावर टेलिफोनच्या तारा आल्या आणि त्यांवर पक्षी बसू लागले, त्या दृश्यातून उगवलेले ‘बर्ड ऑन अ वायर’ येथे नव्या, ठसकेबाज लयीत येते.

ज्या गीतावरून आल्बमला नाव मिळाले, ते एक पत्र आहे. डिसेंबर सरत असताना, रात्र आणि पहाट यांच्या सीमेवर, न्यूयॉर्कमधला एक माणूस आपल्या जुन्या मित्राला लिहितो आहे. त्या मित्राने एके काळी त्याच्या संसारात पाऊल टाकलेले आहे. रागवावे, क्षमा करावी की उलट आभार मानावेत, हे लिहिणाऱ्याला ठरविता येत नाही. कोहेन ते गातात तेव्हा पत्र लिहिणारा कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. तेच पत्र स्त्रीच्या कंठातून ऐकू येते, तेव्हा तिघांच्या त्या गुंत्यात आजवर केवळ उल्लेखापुरती असलेली स्त्री अचानक खोलीत येऊन उभी राहिल्यासारखे वाटते. अर्थाचा सगळा तोल बदलतो. मागे सॅक्सोफोन उदासपणे वाजत राहतो. एका गाण्यासाठीच हा आल्बम घ्यावयाचा झाला, तर तो या गाण्यासाठी घ्यावा.

‘जोन ऑफ आर्क’ची गोष्ट याच्या नेमकी उलट. १४३१ साली रूआँ येथे जिला जिवंत जाळण्यात आले, ती एकोणीस वर्षांच्या आसपासची मुलगी आणि तिला जाळणारा अग्नी यांचा हा संवाद. कोहेन यांच्या १९७१च्या मुद्रिकेत तो एकाच पुरुषकंठात अडकलेला होता. येथे जोनचे बोलणे वॉर्न्स गातात आणि अग्नीचा आवाज खुद्द कोहेन यांचा आहे. थकलेली, युद्धाला कंटाळलेली मुलगी आणि तिच्याशी लग्नाची भाषा करणारा विस्तव असे दोन वेगळे आवाज समोरासमोर आल्यावर ती कविता जणू प्रथमच पूर्ण झाल्यासारखी वाटते. त्याच्या जोडीला १८५८ साली लूर्द येथे साक्षात्कार झाल्याचे सांगणाऱ्या चौदा वर्षांच्या बर्नाडेट या गिरणीवाल्याच्या मुलीचे गीत ऐकावे. ज्यांचे कोणी ऐकून घेत नाही अशा दोन मुलींची ही दोन गाणी आहेत, आणि ती एका स्त्रीच्या आवाजात आहेत, हे विसरता येत नाही.

मराठी श्रोत्याला या साऱ्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्या भावगीताच्या परंपरेत कवी एक, संगीतकार दुसरा आणि गायक तिसरा, ही वाटणी इतकी सवयीची आहे की, कवितेला दुसऱ्याचा कंठ लागतो हे आपल्याला सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य गीतविश्वात मात्र १९६०च्या दशकापासून रचणाऱ्यानेच गावे, त्यातच प्रामाणिकपणा आहे, अशी एक धारणा प्रबळ झाली. दुसऱ्याने गायिलेले ते नक्कल, असे मानले जाऊ लागले. ‘फेमस ब्ल्यू रेनकोट’ने या धारणेला सौम्य पण निर्णायक उत्तर दिले. वॉर्न्स कोहेन यांची नक्कल करीत नाहीत. त्या त्यांच्या कवितेचा अर्थ लावतात. शिक्षकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.

या आल्बमवर आक्षेप घेता येणार नाहीत असे नाही. त्याचे ध्वनिसंयोजन अतिशय चकचकीत आहे. पाश्चात्त्य देशांत उंची ध्वनियंत्रांची पारख करण्यासाठी तो वर्षानुवर्षे वाजविला जातो, यातच त्याची स्तुती आणि त्याची मर्यादा दोन्ही आहेत. काही ठिकाणी ढोलांचा नाद १९८०च्या दशकाचा शिक्का मिरवितो. कोहेन यांच्या खरबरीत आवाजात जी पडझड आहे, जो स्वतःवरचा उपहास आहे, तो या निर्दोष आवाजात क्वचित हरवतो. म्हणून ज्याला हा आल्बम आवडेल त्याने येथेच न थांबता मूळ मुद्रणांकडेही जावे. परंतु जाण्याचा क्रम हाच असावा. वॉर्न्स यांचे उच्चार इतके स्पष्ट आहेत की, इंग्रजी ज्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे अशा विद्यार्थ्यालाही दोन-तीनदा ऐकल्यावर शब्दन्‌शब्द कळू लागतो, आणि या गाण्यांत शब्द हेच खरे धन आहे.

पुढे काय झाले? विक्रीचा आकडा म्हणाल तर तो डोळे दिपविणारा नव्हता. अमेरिकेच्या मुख्य तक्त्यात हा आल्बम ७२व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. मात्र तो २४ आठवडे तेथे टिकून राहिला. १९८८च्या फेब्रुवारीत कोहेन यांचा स्वतःचा ‘आय ॲम युवर मॅन’ हा आल्बम आला. वॉर्न्स यांना दिलेली ती दोन गाणी त्यात आता त्यांच्या आवाजात होती. नॉर्वेत तो कित्येक आठवडे अग्रस्थानी राहिला आणि या कवीकडे नव्या पिढीचे लक्ष वळले. हे सारे एका गायिकेमुळेच घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण बाजाराने लावलेली फाटकावरची कडी आधी तिने काढली होती, हे नाकारता येत नाही. नाकारल्या गेलेल्या आल्बममधील ‘हालेलुया’चे भाग्यही असेच उजळले. १९९१ साली जॉन केल आणि १९९४ साली जेफ बकली यांनी ते गायिले, आणि मगच ते जगभर पसरले. तेथेही दुसऱ्याचाच कंठ कामी आला.

या कवीचा मुंबईशी आलेला संबंधही याच सूत्रात बसणारा आहे. वयाच्या साठीनंतर कोहेन यांनी झेन पंथाची दीक्षा घेतली होती. १९९९ साली ते मठ सोडून मुंबईस आले आणि रमेश बाळसेकर यांच्या घरी भरणाऱ्या सत्संगाला नियमाने बसू लागले. बाळसेकर हे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख; आणि तत्पूर्वी खेतवाडीत विडीचे दुकान चालविलेले निसर्गदत्त महाराज मराठीत जे निरूपण करीत, ते परदेशी साधकांसाठी इंग्रजीत सांगणाऱ्यांपैकी एक. एका दुकानदाराचे मराठी बोलणे एका बँकरच्या इंग्रजीतून माँट्रियलच्या एका कवीपर्यंत पोहोचले. येथेही कोणीतरी मध्ये बसून, स्वतःला मागे ठेवून, दुसऱ्याचे शब्द पुढे दिले होते.

२००७ साली या आल्बमची विसाव्या वर्षानिमित्त चार अधिक गाण्यांसह नवी आवृत्ती निघाली. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी कोहेन यांचे निधन झाले, तेव्हा अमेरिकेत ज्यांच्या एका आल्बमला जागा नाकारली गेली होती, त्यांच्यासाठी जगभरच्या वृत्तपत्रांनी पानेच्या पाने दिली. त्या पानांमागे साथीला उभ्या राहिलेल्या माणसांचे श्रम होते, आणि त्यांचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, कविमंडळांत, सहकाऱ्यांच्या बैठकांत असे किती तरी शब्द पडून असतात की, ज्यांना केवळ दुसरा कंठ मिळाला नाही. त्यांच्यासाठी आपण काय करतो, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. तूर्त एवढेच सुचवावेसे वाटते की, एखाद्या रात्री घरातली निजानीज झाल्यावर, गीतांचे शब्द समोर ठेवून, तिसऱ्या गाण्यापासून आरंभ करावा. ते डिसेंबरातले पत्र आहे. पहिल्यांदा ते कोणाला लिहिले आहे, याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्यांदा ते कोण वाचून दाखवीत आहे, याकडे.